कोळीवाड्याचा पाठिंबा

पनवेलच्या मासळीबाजारात शिरलं की डाव्या हाताला पहिलीच पाटी कृष्णाबाईची. मी तिचं जुनं गिऱ्हाईक. वकिलाकडे कारकुनी करणारा माणूस घेऊन घेऊन घेणार काय? बोय, नाहीतर कोलंबीचा एखादा वाटा. पण जिताड्यासारखा महागडा मासा नेणाऱ्या एखाद्या शेटला आणि मला ती सारखंच वागवायची, म्हणजे सारखंच झाडायची. "भाऊ, दाबून काय बघताय? तो आंबा नाय." उंच, काटक बाई. हिरवं लुगडं, केसांत अबोलीची वेणी आणि आवाज असा, की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला भाव विचारणारा गप्प व्हावा.

तिचा नवरा दादू कोळीवाड्याचा पाटील होता. पंचांमध्ये त्याचा शब्द शेवटचा. माणूस वाईट नव्हता. खाडीच्या तोंडाशी वारा फिरला तर हा होडीचं सुकाणू सोडणार नाही; पण जमिनीवर कुणी बूट घातलेला दिसला, की याचे खांदे आपोआप खाली यायचे. कृष्णाबाईला ते लग्नापासून माहीत होतं. ती हसून सोडून द्यायची.

त्यांची मुलगी शांती चौथीत होती. कोळीवाड्यातली पोरं दोन यत्ता झाल्या की जाळ्याला लागायची, मुली तर त्याहून आधी. शांती चौथीपर्यंत पोचली ती आईच्या हट्टाने. एक दिवस ती घरी येऊन म्हणाली, "आय, फळा दिसत नाय."

कृष्णाबाईला वाटलं डोळे बिघडले. ती पोरीला घेऊन शाळेत गेली आणि बघते तर काय, कोळ्यांची सगळी मुलं वर्गाबाहेर, पडवीत बसलेली. आतून मास्तरांचा आवाज येतोय तेवढाच.

विठू मास्तर बाहेर आले. चांगले शिकवायचे, पण घाबरट. म्हणाले, "बाई, माझ्या हातात काही नाही. वरून सांगितलंय."

"वरून म्हंजे कुनी? देवानं?"

"कमळाकर शेटनी."

कमळाकर शेटची बंदरालगत लाकडांची आणि कौलांची वखार होती. गावातल्या शाळा समितीचे ते अध्यक्ष. काही पालकांनी म्हणे तक्रार केली होती, की कोळ्यांच्या मुलांच्या अंगाला वास येतो. कृष्णाबाई तशीच वखारीत गेली. शेट गादीवर बसले होते. तिला पाहून त्यांनी खिशातला रुमाल काढून नाकापाशी धरला.

"कृष्णाबाई, तुमचं आमचं काही वाकडं नाही. पण वास येतो. बाकीच्या मुलांना मळमळतं."

"सकाली तुमच्या मागल्या दाराला मीच जिताडा दिला ना? तवा वास कुटं गेलता?"

शेट म्हणाले, "तो स्वयंपाकघरातला विषय. हा शाळेचा." आणि त्यांनी दिवाणजीला पुढचं काम सांगितलं.

शांती पडवीतच राहिली.

पुढे सन पन्नासच्या सुमाराला जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाची निवडणूक लागली आणि शेट उमेदवार म्हणून उभे राहिले. त्या निवडणुकीत तुम्हाआम्हाला मत नव्हतं. मतं द्यायची ती लोकल बोर्डावर निवडून आलेल्या सभासदांनी. पण ते सभासद उमेदवाराला विचारायचे, बाबा रे, तुझ्यामागे माणसं कोण? म्हणून मग पाठिंबे गोळा करायची टूम निघाली. आज बाजारपेठेचा पाठिंबा, उद्या अमक्या आळीचा, परवा शिक्षकांचा. सभा भरवायची, हार घालायचा, ठराव वाचायचा. ज्या शिक्षकांच्या बदल्या उद्या शेटच्या हाती जाणार होत्या, ते सगळ्यांत पुढे. बाजारपेठेत सकाळी ज्यांनी शेटच्या वजनकाट्याला शिव्या घातल्या, त्यांनीच संध्याकाळी त्यांना 'विद्येचे कैवारी' म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं. मग कोळीवाड्याची पाळी आली.

दादूने घरी सांगितलं, "शेट बंदराला धक्का बांधून देनार. बर्फाची सोय करनार. समाजाचं काम हाय."

"आन पोरं पडवीत बसतात त्याचं काय?"

"शेट बोर्डावर गेला की ते बी बघंल."

"त्यानंच तं बसवलीत! तुला कोन बोल्लं पाठिंबा द्यायला? बायांना इचारलंस? पोरांच्या बापांना इचारलंस?"

"पंचांनी ठरवलंय."

"पंच म्हंजे तू."

दादू उठून बाहेर गेला. आणखी एक निरोप सांगायचा होता, तो त्याने शेजारणीच्या तोंडून पाठवला. सभेत शेटला ओवाळायला पाटलीण म्हणून कृष्णाबाईच पाहिजे होती. शेटनी मुद्दाम नाव घेऊन सांगितलं होतं. वखारीतलं तिचं बोलणं ते विसरले नव्हते.

सभा कोळीवाड्याच्या देवळापुढच्या अंगणात भरली. अध्यक्ष आमचे वकील, म्हणून मीही गेलो. व्यासपीठाच्या मागे होडीचं जुनं शीड कनातीसारखं बांधलेलं, एका बाजूने फाटकं. शेट आले ते डोक्यावर कोळ्यांची लाल टोपी घालून. ती त्यांना एवढी घट्ट होत होती, की कपाळावर वळ उठला होता. बोलायला उभे राहिले आणि पहिलंच वाक्य, "बंधूंनो, मी तुमच्यातलाच." टाळ्या पडल्या. विठू मास्तरांनी ठराव वाचला, 'समस्त कोळी समाज एकमताने' वगैरे. वाचताना त्यांनी कागदावरून मान वर काढली नाही.

मग दादूने हाक मारली आणि कृष्णाबाई आली. ती मासळी साफ करता करता उठून आली होती. कोपरापर्यंत खवले चिकटलेले, बोटांना ओलं रक्त. एका बाईने तबक पुढे धरलं.

"शेट," कृष्णाबाई म्हणाली, "हात धुवायला येल नाय गावला. चालंल ना? तुमी आमच्यातलंच."

शेट तिच्याकडे बघत राहिले, मग हसले. चांगलं तोंडभर हसले आणि त्यांनी मान खाली केली. कृष्णाबाईने कुंकवात अंगठा बुडवला आणि या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत सावकाश मळवट भरला. वर बोटं गालावरून फिरवून कडकडा मोडली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एक म्हातारा तर डोळे पुसत म्हणाला, "बगा, कसा देवमानूस!"

वकील आभाराचं बोलू लागले तसे शेट कनातीमागे गेले. मी त्या फाटक्या बाजूलाच बसलो होतो. तिथल्या पाण्याच्या पिंपापाशी जाऊन त्यांनी टोपी काढून फेकली. "पाणी ओत. लवकर. ओकारी येतेय मला." दिवाणजी पाणी ओतत होता आणि शेट रुमालाने कपाळ खरवडत होते. कुंकू गेलं, कातडं लाल झालं, तरी खरवडत होते. मग त्यांनी तो रुमाल दोन बोटांनी लांब धरला आणि चिखलात टाकून दिला. त्याच्यावर थुंकले.

हे मी एकट्याने पाहिलं असतं तर गोष्ट वेगळी. पुढच्या सतरंजीवरच्या सगळ्यांना शिडाच्या भोकातून ते दिसत होतं, ऐकूही येत होतं. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. तो डोळे पुसणारा म्हातारा कनवटीची तंबाखू शोधू लागला. कृष्णाबाई तबक घेऊन उभी होती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, की आता कुणीतरी उठेल. तेवढ्यात विठू मास्तर ओरडले, "कमळाकर शेट यांचा," आणि त्याच सतरंजीवरून जोरात उत्तर आलं, "विजय असो!"

शेट ताजेतवाने होऊन बाहेर आले, हात जोडत निघाले. आणि दादू कनातीमागे धावला. त्याने चिखलातला रुमाल उचलला, झटकला आणि शेटच्या मागे पळत गेला. "शेट, तुमचा रुमाल पडला."

शेटनी वळून पाहिलं. "असू दे. तुला ठेव."

दादूने तो घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाजारात कृष्णाबाईने माझ्याशी घासाघीस केली नाही. म्हणाली, "तो थुकला त्याचं काय नाय, भाऊ. तो तसाच हाय. पन आमच्या यानं उचललान. रात्री खुंटीला सदरा व्हता, त्या खिशाकडं बघून मला जेवन गेलं नाय."

शेट निवडून आले. दिवाळीनंतर बोर्डाने कोळीवाड्याच्या मुलांसाठी स्वतंत्र वर्ग मंजूर केला, बंदरावरच्या जुन्या मिठाच्या गोदामात. गोदाम शेटच्या मेव्हण्याचं. समाजाच्या इच्छेला मान देऊन, असं शेट उद्घाटनाला म्हणाले. पाठिंब्याच्या ठरावातच स्वतंत्र वर्गाची एक ओळ घुसवलेली होती. सभेत ती सगळ्यांनी ऐकली होती आणि टाळ्या वाजवल्या होत्या. नारळ दादूने फोडला. आता मुलं पडवीतही नव्हती. भिंतींना मिठाचं पाणी सुटायचं, जमीन कायम ओली, पाट्यांच्या लाकडी चौकटी पांढऱ्या पडायच्या. धक्का झाला नाही. बर्फही आला नाही.

कृष्णाबाईने शेटच्या घरी मासळी द्यायचं बंद केलं. काही दिवसांनी शेटच्या पत्नी, दमयंतीबाई, स्वतः बाजारात आल्या. अशा बायका तिथे यायच्या नाहीत. लोक वळून बघू लागले.

"कृष्णे, अगं पाहुणे यायचेत. जिताडा कुठाय?"

"हाय ना. पन तुमाला नाय."

"माझ्यावर का राग काढतेस? मी काय केलं?"

"तुमी काय नाय केलंत, वैनी. पन तुमच्या दारात आलं की मला मळमळतं."

दमयंतीबाई रिकामी पिशवी गुंडाळून निघून गेल्या. जिताडा त्या दिवशी न विकताच राहिला. संध्याकाळी कृष्णाबाईने तो शेजाऱ्यांत वाटून टाकला, नवऱ्याच्या ताटात मात्र वाढला नाही.

शांतीला तिने गोदामात पाठवलं नाही. कृष्णाबाईचा भाऊ काळूराम उरणकडे करंजाला राहायचा. पोरीला त्याच्याकडे ठेवायला ती त्याच्याच होडीतून निघाली. दादू बंदरावर आडवा आला. "लोक काय बोलतील? पाटलानं नारल फोडलेल्या शालंत पाटलाचीच पोर नाय?"

"तुला लोकांची लाज वाटते," कृष्णाबाई म्हणाली, "मला तुजी वाटते," आणि तिने काळूरामला होडी लोटायला सांगितली.

उरणच्या शाळेत मास्तरांनी शांतीला काही न विचारता पहिल्या ओळीत बसवलं. कृष्णाबाई दारात उभी राहून बराच वेळ ते बघत होती. हे तिनेच मला नंतर बाजारात सांगितलं.

कोळीवाड्याने तिचं कौतुक केलं असं कुणाला वाटेल. छे. पाटलीण शेफारली, असं बायाच म्हणू लागल्या. हळदीला बोलावणं येईना. गोदामात जाणारी मुलं एकेक करून जाळ्याला लागली आणि वर्गाला कुलूप पडलं, त्याबद्दल कुणी शब्द काढला नाही.

शांती मात्र शिकली. सातवीची फायनल पास झाली आणि उरण तालुक्यातच मास्तरीण म्हणून लागली. एकोणसाठ साली पुन्हा पाठिंब्याच्या सभा सुरू झाल्या, आणि कोळीवाड्यातल्या सभेत, आता लाऊडस्पीकर लावून, शेट म्हणाले, "याच कोळीवाड्याच्या वर्गातून, आपल्या दादू पाटलांची कन्या आज शिक्षिका झाली आहे!"

कृष्णाबाई मागे बायकांत उभी होती. "खोटं!" ती ओरडली. "माजी पोर उरणला शिकली! तुमच्या मिठात नाय!" बाजार गप्प करणारा तो आवाज, पण लाऊडस्पीकरपुढे चालेना. पुढे गाव टाळ्या वाजवत होतं. दादूही वाजवत होता.

घरी तो म्हणाला, "नाव तं पोरीचंच घेतलं ना त्यानं? चांगलंच बोल्ला."

त्यानंतर कितीतरी दिवस कृष्णाबाई पाटीपाशी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, मासा तोलण्याआधी, शांती कुठे शिकली ते सांगायची. काही लोक हसून मान हलवायचे. बरेचसे पुढच्या पाटीकडे जायचे. शेट पुन्हा निवडून आले. कृष्णाबाई सुट्टीच्या दिवशी लेकीकडे करंजाला जाऊ लागली, मग आठवडा आठवडा राहू लागली आणि पुढे एका पावसाळ्यानंतर परत आलीच नाही. बाजारातल्या तिच्या जागेवर दुसरी बाई बसते. दादू तिला आणायला एकदा गेला होता म्हणतात. तिने त्याला जेवू घातलं आणि संध्याकाळच्या होडीत बसवून दिलं.