कव्हरबाईंची बरणी

"१४ जुलै, मंगळवार. सकाळी ढग, दुपारी ऊन. मास्तरांनी आज माझं भांडं कापलं नाही. दुपारी जेवायला एकटीच. मोज्यांचे दोन जोड धुतले."

एवढं लिहून कव्हरबाईंनी वही मिटली. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं त्यांनी पुस्तकांना कव्हरं घातली, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. पुढे नवराही लाडात आला की तीच हाक मारी. तो गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी बाईंनी परदेशातल्या एका उन्हाळी वर्गात नाव घातलं. सहा आठवडे मातीची भांडी घडवायची. मुलगा म्हणाला, "आई, भांडी काय आपल्याकडे मिळत नाहीत?" बाईंनी बॅग भरायला घेतली.

कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे तिकडे भाषा अडली नाही. अडलं ते बोलायला माणूस. वर्गातली पोरं विशी-पंचविशीतली. स्वभावाने चांगली, पण घोळक्याने जेवायला जायची. त्यांच्यामागून दार लागल्याचा आवाज येईपर्यंत बाई नळाखाली हात धूत राहायच्या. खोलीत एक पलंग, एक टेबल, एक कप.

मास्तरांची एक रीत होती. चाकावरून उतरलेलं भांडं ते तारेने उभं चिरायचे आणि भिंत कुठे जाड झाली, बूड कुठे पातळ राहिलं ते दाखवायचे. चार आठवडे बाईंची झाडून सगळी भांडी अशी चिरली गेली. त्या मंगळवारी मात्र मास्तरांनी त्यांची वीतभर उंचीची बरणी सगळीकडून फिरवून पाहिली आणि तार खिशात घातली. "ही राहू द्या. सावकाश वाळवा हं, घाई केली की तडा जातो."

पुढच्या गुरुवारी शेवटची भट्टी लागणार होती आणि शनिवारी बाईंचं विमान. घरी न्यायला एवढी एकच वस्तू.

बाईंनी ती जिवापाड जपली. पोरं आपली भांडी फळीवर उघडीच टाकून पळायची. बाई मात्र बरणीभोवती प्लास्टिक घालायच्या, कोपरे दुमडायच्या, वरून चिकटपट्टी. मुंगीलाही आत वाट नव्हती. रोज सकाळी उघडून एकदा डोळे भरून पाहायचं, की पुन्हा बंद.

गुरुवारी भट्टीवाला दाराशी उभा राहून एकेकाला विचारत होता, "वाळलंय ना? ओलं भांडं आत फुटतं, आणि एकटं फुटत नाही, शेजाऱ्यांना घेऊन फुटतं." पोरं 'हो' म्हणत भांडी पुढे करत होती. तो तपासत नव्हता.

"आजी, तुमचं?"

मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे बाईंनी बरणी गालाला लावली. वाळलेली माती गालाला गार लागत नाही. ही गार लागली. एक 'हो' म्हटलं असतं तर बरणी आत गेली असती. मागे एक मुलगी सहा कप छातीशी धरून उभी होती.

"गार आहे," बाई म्हणाल्या.

त्याने बरणी स्वतःच्या गालाला लावली. "चांगलीच ओली आहे की! पाण्यात ठेवली होतीत का?"

"झाकून ठेवली होती."

"रोज?"

"रोज."

तो हसायला लागला, पण बाईंचा चेहरा पाहून त्याने बरणी अलगद परत दिली. "मातीला हवा लागते हो, आजी. आता पुढच्या उन्हाळ्यात भाजतो."

"तेव्हा मी कुठली इथे?"

"मग वापरेल कुणीतरी."

"वापरू दे," बाई म्हणाल्या. प्लास्टिकची घडी करून त्यांनी पिशवीत टाकली आणि बरणी खिडकीजवळच्या फळीवर उघडी ठेवली.

संध्याकाळी नणंदेला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "वहिनी, दादालाही तू असंच करायचीस! खिडकी बंद, पंखा बंद, वर दोन स्वेटर. घामाघूम व्हायचा बिचारा. 'कव्हर काढा रे माझं' म्हणून ओरडायचा, आठवतं?"

"तुला बरं आठवतं."

"मग! मीच काढायचे ना, तू स्वयंपाकघरात गेलीस की."

"मेले, आज सांगतेस होय!"

दोघी खूप हसल्या. फोन ठेवल्यावरही बाई थोडा वेळ हसत होत्या, मग डोळे पुसून त्यांनी वही ओढली.

"२३ जुलै, गुरुवार. दिवसभर ऊन. बरणी भट्टीत गेली नाही. नणंदेशी बोलले. दूध संपलं. उद्या छोटी बाटलीच आणायची, परवा निघायचं आहे."