भाकड दिवसांचा शेजार

मंगळवार पेठेतल्या दूधकट्ट्यावर रोज संध्याकाळी दोन म्हशी घेऊन येणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की तो आधी म्हशीच्या पाठीवर थाप मारायचा, मग थेट पेल्यात फेसाळ धार काढून द्यायचा आणि आपण पहिला घोट घेईपर्यंत डोळे मोठे करून बघत राहायचा.

एकदा सुट्टीत घरी आलो तेव्हा मी काळजीत होतो. भारत आणि नेपाळला जोडणाऱ्या वीजवाहिनीचा मार्ग आखणं हे माझं काम. वीज परदेशी जाणार असेल तर टॉवर आमच्या शेतात कशाला, म्हणून आपल्या बाजूचं सीमेवरचं एक गाव अडून बसलं होतं.

"पावणं, त्वांड का पाडलंय?" त्यानं विचारलं. मी त्या गावाचं भांडण सांगितलं, आणि हेही, की पावसाळ्यात नेपाळच्या नद्यांवर जादा वीज तयार होते, ती आपल्याकडे येणार. हिवाळ्यात त्या नद्या आटल्या की आपली तिकडे जाणार.

तो खदखदून हसला. "मग आमच्या गल्लीगतच की! माझी म्हस भाकड असली की शेजारी दूध देतोय, त्याची असली की मी. ह्यात भांडायचं काय हाय?"

इतके तक्ते करूनही मला हे सुचलं नव्हतं. सुट्टी संपल्यावर सीमेवरच्या त्या गावच्या सभेत मी नकाशा गुंडाळून ठेवला आणि त्याचंच बोलणं हिंदीत सांगितलं. हशा पिकला. सगळ्यात जास्त तावातावानं भांडणारे काका उठले, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चला, टॉवरसाठी बांधालगतची जागा दाखवतो." त्यांच्यामागून सगळी सभाच शेताकडे निघाली.