अकरा नंबरचं नाव

उमरेड रस्त्याच्या दोन्ही अंगांना जिथे जिथे शंकरपट भरतो, जिथे बैलांच्या जोड्या शर्यतीला मोकळ्या रानातून धूळ उडवत निघतात, तिथे मचाणावर माईक धरून ताराचंद तितरमारे उभा असतो. आमच्या गावचा माणूस. त्याचा आवाज ज्वारीच्या भाकरीसारखा आहे, जाड, खरपूस आणि पोट भरणारा. जोडी सुटली की हा आवाज तिच्या मागे धावत नाही, बरोबरीने धावतो. गर्दीच्या पाठीमागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना काही दिसत नाही, तरी ते मान डोलावत असतात. त्यांना ताराचंदच्या आवाजातून सगळा पट दिसतो.

जिंकलेली जोडी पुकारायची त्याची रीत ठरलेली. आधी गावाचं नाव, मग मालकाचं, मग जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं आणि सगळ्यात शेवटी बैलांचं. ते शेवटचं नाव तो असा लांबवून घेतो की बैलसुद्धा कान टवकारतात.

पण आमच्याकडे एक रिवाज आहे. माईक ज्याच्या हातात, त्याने आपल्या घरच्या जोडीचं नाव घ्यायचं नाही. माईक गावाचा, त्यातून घरची बढाई नको. ताराचंदची स्वतःची जोडी कितीदा तरी पहिली आली, आणि दरवेळी तो नुसतं म्हणाला, "पांढरी जोडी पहिली." या रिवाजाला एकच सूट आहे. हरलेल्याने स्वतः मचाणापाशी येऊन "घे गा नाव" म्हटलं, तर नाव घेता येतं. पण हरलेला माणूस बैल सोडून मचाणाकडे येतो कशाला? ताराचंदच्या साऱ्या उमरीत तसं कधी झालं नव्हतं.

मधली काही वर्षं कोर्टाच्या बंदीमुळे पट थांबले होते. तेव्हा ताराचंद नागपूरच्या गांधीबागेतल्या एका कापड दुकानासाठी ऑटोतून साड्यांच्या सेलची पुकार करत फिरला. संध्याकाळी परतताना नंदनवनच्या मैदानावर थांबायचा, कारण त्याची पोरगी भूमिका तिथे फुटबॉल खेळायची. तिला ऑटोत घेऊन तो हुडकेश्वरच्या पुढे गावाकडे निघायचा. एका सामन्याला माईकवाला आला नाही. भूमिकाच्या प्रशिक्षक शोभाताई ताराचंदला म्हणाल्या, "भाऊ, तुमी बोला ना आज."

"मले फुटबॉल कुठं समजते ताई?"

"पट समजते ना? तसंच हाय. फक्त बैलं नाही."

त्या दिवसापासून नंदनवन क्लबचा माईक ताराचंदकडे आला. पट पुन्हा सुरू झाले, तरी फुटबॉल त्याने सोडला नाही. चेंडू घेऊन दोन पोरी पुढे निघाल्या की तो म्हणायचा, "जोडी सुटली." लोक हसायचे आणि पुढच्या वेळी मित्रांना घेऊन यायचे. गोल अडवणारी हिमानी, डोक्याने गोल करणारी मिनल, सगळ्यांची नावं त्याने नागपूरभर केली. एकीचं सोडून. भूमिकाच्या पायात चेंडू आला की तो म्हणायचा, "अकरा नंबर." तेवढंच. पुढे पुढे मैदानावरची पोरंसोरं तिला अकराच म्हणू लागली.

क्लब राष्ट्रीय महिला चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि सामना नागपुरातच ठरला. त्या दिवशी सकाळी जेवताना भूमिका म्हणाली, "बाबा, आज तरी नाव घ्या."

"रिवाज आहे माय."

"पटाचा आहे. मी काय बैल आहो?"

ताराचंदने ताटात मान घातली. त्याची बायको शामला तव्यावरची भाकर उलटत म्हणाली, "कोणाले सांगून राहिली वं? लग्नात माहं नाव घ्यायले सांगतलं होतं, तं तिथंबी हे गप्पच बसले."

भूमिका हसली नाही. ताट बाजूला सारून म्हणाली, "शाळेत असल्यापासून खेळून राहिली मी. साऱ्या गावाच्या बैलाईचं नाव तुमच्या तोंडून आयकलं. माहं एकडाव आयकाचं होतं, बस." आणि बूट घेऊन बाहेर जाऊन बसली.

ताराचंद ताटावरून उठला. नाव घ्यावं तर आजवर शब्दाला जागलेला माईक खोटा पडतो. न घ्यावं तर पोरीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस तिच्या नावावाचून जातो.

समोरचा क्लब रांचीचा होता. त्यांच्या पोरी काटक, पायाने हलक्या. सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि त्यांच्या फूलमनी नावाच्या पोरीने लांबून असा चेंडू मारला की हिमानी नुसती बघत राहिली. सगळं मैदान मुकं झालं. एकटा ताराचंद बोलला, पूर्ण गळ्याने. "गोल. रांचीची फूलमनी. काय मारला बाप्पा, काय मारला."

मागून कोणीतरी ओरडलं, "काका, तुमी कोणाच्या बाजूनं आहात?"

"माईकच्या," ताराचंद म्हणाला, आणि तेही माईकवरूनच.

मध्यंतराच्या आधी मिनलने डोक्याने गोल करून बरोबरी साधली. मध्यंतरात रांचीच्या प्रशिक्षक टोप्पो मॅडम त्याच्या टेबलापाशी आल्या. ठेंगण्या, केस पिकलेल्या, गळ्यात शिट्टी. म्हणाल्या, "भाईसाहब, हमारी लड़की का नाम आपने दिल से लिया. मगर आपकी ग्यारह नंबर का नाम नहीं है क्या?"

ताराचंदने मोडक्या हिंदीत सांगितलं की ती माझी मुलगी, आणि आमच्याकडे असा असा रिवाज. हरलेल्याने येऊन सांगितलं तरच नाव.

मॅडम हसल्या. "तो आज भी नहीं ले पाओगे. हम हारने नहीं आए."

उत्तरार्धात ऊन उतरू लागलं आणि मैदानावर सावल्या लांब पडल्या. रांचीच्या पोरी लाटेसारख्या येत होत्या, हिमानी बांधासारखी उभी होती. वेळ संपत आला तेव्हा हिमानीने अडवलेला चेंडू लांब फेकला. तो डाव्या कडेला भूमिकाच्या पायाशी पडला.

"अकरा नंबर," ताराचंद म्हणाला. मग त्याचा आवाज तिच्या बरोबरीने निघाला. "अकरा नंबर सुटली. एक मागं पडली. दुसरी मागं पडली. कडेकडेनं, कडेकडेनं, आता आत वळली. समोर गोलकीपर. अकरा नंबर…"

जाळी हलली. मैदान उठून उभं राहिलं. लोक नाचू लागले, ढोल सुरू झाला. भूमिका मैत्रिणींच्या गराड्यातून मान वर काढून माईकच्या टेबलाकडे बघत होती. गर्दी म्हणत होती, "काका, नाव. काका, नाव."

ताराचंदने डोळे मिटले. "गोल," तो म्हणाला. "अकरा नंबर. नंदनवन दोन, रांची एक." भूमिकाने मान वळवली आणि ती आपल्या जागेवर परत गेली.

मग शेवटची शिट्टी झाली. राष्ट्रीय चषक नागपूरचा झाला. पोरींनी शोभाताईंना खांद्यावर घेतलं, माणसं कुंपण ओलांडून आत धावली. आणि त्या गर्दीच्या उलट दिशेने, आपल्या रडणाऱ्या पोरींच्या डोक्यांवरून हात फिरवून, टोप्पो मॅडम टेबलापाशी आल्या.

"भाईसाहब," त्या म्हणाल्या, "हम हार गए. अब नाम लीजिए. और धीरे मत लीजिए."

ताराचंदने त्यांना वाकून हात जोडले. माईक घेतला, घसा खाकरला, आणि पटाच्या रीतीने पुकार सुरू केली.

"आयका हो. हरलेल्याची परवानगी आली. रांचीच्या मॅडम आपल्या पायानं चालत येऊन परवानगी देऊन गेल्या, त्यांच्यासाठी पहिले टाळ्या." टाळ्या झाल्या. "गाव आमचं, उमरेड रस्त्याचं. मालकीण शामला तितरमारे. धुरकरी शोभाताई. अन् पहिली आली…"

तो थांबला. ढोल थांबला. मैदानाच्या मधोमध भूमिका उभी राहिली, मातीने माखलेली.

"भूमिका."

ते नाव त्याने असं लांबवलं की मैदानापलीकडच्या घरांच्या गच्च्यांवर माणसं येऊन उभी राहिली. शामला कुंपणापाशी पदराने तोंड पुसत होती.  मग सगळं मैदान तेच नाव घेऊ लागलं, आणि त्यात ताराचंदचा आवाज ओळखू येईना.

पदकं वाटून झाल्यावर भूमिका हळूहळू चालत टेबलापाशी आली. गळ्यातलं पदक काढून तिने माईकच्या दांडीला अडकवलं.

"झालं समाधान?" ताराचंदने विचारलं.

"अजून एकडाव घ्या," ती म्हणाली. "मागच्याइले आयकू नाही आलं."