आबांच्या नावावर एक तारा

आमच्या कान्हे गावातल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं आहेत आणि त्यात माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, चौदावं आहे. विहीर सामाईक, बांधावरचा आंबा सामाईक, आंब्यावरची भांडणंही सामाईक. "माज्या एकट्याच्या नावावर काय हाय? रेशनकार्ड. त्यात बी तुमी सगळे घुसलाय," असं ते दर सणाला जेवायला बसताना म्हणतात. म्हणून त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी त्यांना एक तारा द्यायचं ठरवलं.

मी संगणकावर अवकाशप्रवासाचा एक खेळ खेळतो. (वय सेहेचाळीस. विचारायच्या आत सांगून टाकलेलं बरं.) त्यात आपलं एक यान असतं आणि मोजता येणार नाहीत इतके तारे. आधी कुणीच न गेलेल्या ताऱ्यापाशी जायचं, मोजणी करायची, परत येऊन ती अवकाशातल्या ठाण्यावर जमा करायची. मग त्या ताऱ्यावर शोधणाऱ्याचं नाव कायमचं लागतं. मी आबांच्या पूर्ण नावाने नवं खातं उघडलं.

आता, मी तळेगावच्या एका कारखान्यात प्लॅनिंग विभागात आहे. दुसरा कुणी उठून निघाला असता. मी आधी तीन आठवडे कागद रंगवले. यान हलकं झालं तर लांब उडी मारतं, म्हणून तोफा काढल्या, संरक्षक कवच काढलं, जादा खुर्चीही काढली. कुठल्या ताऱ्याजवळ इंधन भरायचं, कुठे थांबून यान तपासायचं, असे एकेचाळीस मुक्काम आखले.

"लोणावळ्याला जाताना पोरांचे स्वेटर विसरता," माझी बायको वंदना म्हणाली. "आणि इथे एकेचाळीस मुक्काम?"

"तिथे चूक झाली तर परत येता येत नाही."

"स्वेटर नसल्यावर आम्हीपण अर्ध्यातूनच परत आलो होतो."

तारा निवडायला आबांना त्याआधीच पडद्यासमोर बसवलं होतं. पहिला लाल होता, तो त्यांना आजारी वाटला. दुसऱ्याभोवती एकही ग्रह नव्हता. "नुसता तारा घिऊन काय करू? टेकायला जागा नको?" तिसरा पिवळा, त्याच्याभोवती एकच ग्रह आणि त्या ग्रहाला छान कडी. आबा पुढे सरकले.

"माती कशी हाय?"

"माती नाही आबा, बर्फ आहे."

"मंजी भात न्हाई व्हनार." जरा विचार करून म्हणाले, "असू दे. पानी तर हाय."

ठरलं. आमच्या कारखान्यात कुठलाही प्लॅन सगळ्यांना पाठवल्याशिवाय पक्का होत नाही. त्या सवयीने मी ताऱ्याचा क्रमांक, रस्ता, मुक्काम, सगळं भावकीच्या ग्रुपवर टाकलं. एकानेही वाचलं नाही. फक्त माझा चुलतभाऊ दत्ता रविवारी थेट कामशेतला आमच्या घरी आला. दत्ता प्लॉटची दलाली करतो.

"दादा, ह्यात इंधन कुटं भरायचं?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! घरात पहिल्यांदा कुणीतरी आपणहून काहीतरी विचारत होतं. मी त्याला दोन तास बसवून सगळं शिकवलं, वंदनाला दोनदा चहा टाकायला लावला आणि निघताना त्याला मोठ्या अक्षरांतली प्रत काढून दिली.

मी निघालो. एक मुक्काम चुकवला नाही. रोज संध्याकाळी जेवताना आबा विचारायचे, "आज कुटवर आलो?" मी सांगायचो. ते मान हलवायचे आणि भाकरी मोडायचे. असे दोन महिने गेले. वाढदिवसाच्या सकाळी शेवटची उडी बाकी ठेवली होती. आबा नवा शर्ट घालून शेजारी बसले. वंदनाने पेढे आणले होते.

उडी मारली. पिवळा तारा पडद्यावर आला. त्याखाली लिहिलेलं होतं: शोधणारा, दत्ता.

आबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि परत वाचलं. मला फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला एकट्याच्या नावावर काही मिळणार होतं आणि ते मीच प्रत काढून दुसऱ्याला दिलं होतं. मी दत्ताला फोन लावला.

"हे काय केलंस?"

"काय केलं? तुज्याच कागदावरनं गेलो. फकस्त मुक्काम गाळलं. नवव्या दिवशी घरी."

"अरे, आबांसाठी होता तो!"

"मोकळा पडलेला दिसला दादा. कुनाचं नाव न्हवतं."

आबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "दत्ता, गिरह बी मोजला का रं?"

"न्हाई आबा. तारा घेतला निस्ता. गिरह तुमी घ्या की, तुमचंच नाव लागंल." जरा थांबून तो म्हणाला, "पन तितं जायचं मंजी माज्यातनंच जावं लागनार."

"मंग?"

"रस्ता सोडतो की. घरातलाच मानूस तुमी. बारा फुटी."

"बारात ट्रॅक्टर वळत न्हाई. वीस."

"बरं, वीस."

आबांचा चेहरा उजळला. फोनवर हात ठेवून ते मला म्हणाले, "पलटायच्या आत लिवून घे."

मी शिकलेला माणूस. ताऱ्याजवळ ट्रॅक्टर नेता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी पट्टी-पेन्सिल घेतली, नकाशावर ताऱ्यापासून ग्रहापर्यंत वीस फुटी रस्ता आखला आणि दोन्ही बाजूंना गटारासाठी दोन-दोन फूट स्वतःहून सोडले.