उलटी फिरणारी लेन्स

अकोल्यात जठारपेठेत माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून देवीदासचा फोटो स्टुडिओ आहे. वीस वर्षांत मी त्याला चहाला नाही म्हणताना पाहिलं नाही आणि कुणाशी भांडतानाही पाहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यानं लग्नातल्या मोठ्या घोळक्यांसाठी वाइड झूम लेन्स घेतली. कॅमेरा एका कंपनीचा, लेन्स भलत्याच कंपनीची. मी आपला तोंडाळ. म्हटलं, "कॅमेऱ्याच्याच कंपनीची घ्याची ना बह्याडा! परकं जमत नसते."

"सून बी बाहेरूनच आनतो ना आपन?" तो म्हणाला. "अन् तेच घर चालवते."

लेन्स चांगलीच निघाली, फक्त तिला एक खोड होती. त्याच्या बाकीच्या लेन्स ज्या बाजूला फिरवल्या की माणसं जवळ येत, त्याच बाजूला ही फिरवली की ती लांब पळत. हाताची सवय वीस वर्षांची आणि लेन्स आठ दिवसांची. तशात चांदूर बाजाराजवळच्या त्याच्या मामाच्या गावाहून वामनरावांच्या पंच्याहत्तरीचं बोलावणं आलं. गावच्या नात्यानं ते त्याचे मामाच.

मांडवात घरची चाळीस माणसं फोटोला उभी राहिली. मधोमध खुर्च्यांवर वामनराव आणि त्यांच्या पत्नी पार्बताबाई, दोन्हीकडे मुलं, सुना, नातवंडं, आणि अगदी कडेला, गोठ्याच्या बाजूला, वामनरावांची धाकटी बहीण वच्छलाबाई. त्यांना तिवस्याला दिलेलं. लग्न होऊन गेलेली लेक म्हणजे पाहुणी, आणि पाहुणीनं कडेला उभं राहायचं, असा त्या घराचा रिवाज. कुणी सांगत नाही, ती आपली आपणच जाऊन उभी राहते. पंगत खोळंबली होती. देवीदासनं घाईत सवयीनं लेन्स फिरवली, माणसं लांब गेली, म्हणून हाच चार पावलं पुढे सरकला आणि बटण दाबून मोकळा झाला.

इतक्या जवळून वाइड लेन्स मधल्या माणसाला नीट दाखवते आणि कडेच्याला ओढून रुंद करते. वच्छलाबाई मुळातच अंगानं भरलेल्या. फोटोत त्यांचं पार कोहळं झालं. मोठी फ्रेम बैठकीत लागली आणि येणारा-जाणारा हसू लागला. वच्छलाबाईंनी कळवलं, आखाजीला येत नाही. चाळीस वर्षांत त्यांची माहेरची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चुकली नव्हती. फोनवर भावाला एवढंच म्हणाल्या, "दादा, उभी बी कडेले केली तुमी, अन् हासता बी मलेच."

हे कानावर आलं त्या दिवशी देवीदासनं हातातला चहा तसाच ठेवला. मी समजूत काढली, लेन्सच उलटी फिरते त्याला तू काय करणार. तो म्हणाला, "लेन्स उलटी हाय, पन हात त माहा होता."

दुसऱ्या दिवशी तो तिवस्याला गेला. वच्छलाबाईंनी पाणी दिलं. तो म्हणाला, "मावशी, आखाजीले या. मी फोटो पुन्ना काढतो. बिघडला त कॅमेरा तुमच्या हातानं विहिरीत टाकजा."

आखाजीला मीही त्याच्यासोबत गेलो. आमरस कोण सोडतो! वच्छलाबाई आल्या होत्या. फोटोची वेळ झाली तशा मुकाट्यानं गोठ्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मला राग आला. त्या घराचा आला, आणि खरं सांगतो, वच्छलाबाईंचाही आला.

देवीदास ओरडला, "मावशी, तिथं नाई! मधात या, खुर्चीवर बसा."

"काहून रे?" पार्बताबाईंनी हटकलं. "लेक कडेलेच उभी राह्यते आमच्यात."

"मामी, हे लेन्स कडेच्याले ओढते. भरल्या अंगाचं मानूस मधात पाह्यजे अन् बारीक मानूस कडेले. मी काय करू? लेन्सच तशी हाय."

लेन्सपुढे रिवाजाचं काही चालेना. सगळे एकमेकांच्या पोटाकडे बघू लागले. तेवढ्यात वामनराव खुर्चीवरून उठले. माणूस काडीपैलवान. "सर्वात बारीक त मीच हाओ. बस वच्छे इथं," म्हणाले आणि धोतर सावरत गोठ्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. वच्छलाबाई बसल्या. आधी खुर्चीच्या टोकावर, मग हळूहळू पाठ टेकून. देवीदास चार पावलं पुढे सरकला आणि त्यानं बटण दाबलं.

फोटोत वच्छलाबाई ऐन मधात, नाकीडोळी नीटस. कडेला वामनराव जन्मात पहिल्यांदा गब्बर. कॅमेऱ्यात स्वतःला पाहून ते खूश झाले. "आता दिसलो मालदार!" वच्छलाबाई खळखळून हसल्या आणि मग पंगतीत पार्बताबाईंना म्हणाल्या, "वहिनी, अजून एक पोई वाढा."

परतताना मोटरसायकलवर माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी मागून विचारलं, "देव्या, आज मांडव नोयता, आंगन मोकळं होतं. मांगं सरकून लेन्स जवळ फिरवली असती, त कडेले कोनीच फुगलं नसतं ना?"

"नसतं."

"मंग?"

"मंग मावशी कडेलेच राह्यली असती."