बाहेरची कडी

आमची पोस्ट डोंगराच्या सोंडेवर होती. लढाई जाहीर नव्हती, गोळे मात्र रोज पडायचे. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज, मग हत्यारांची सफाई, मग नाल्यावरनं पाणी. मी लान्स नाईक. दत्तू चौगुले शिपाई. दोघं कोल्हापूरचे, एकाच गल्लीतले.

त्या दिवशी माझा कडक उपास होता. आम्ही यहुदी, बेने इस्रायल. दरफाळणी हा आमचा मोठा सण. दिवस मावळायच्या आत दार लावायचं, पांढरे कपडे घालून आत प्रार्थना करायची. अन्न न्हाय, पाणी न्हाय. दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसल्यावरच दार उघडायचं. गल्लीत यहुदी घर आमचं एकच. कुणी ना कुणी दार वाजवायचंच. म्हणून बाबांनी आमच्या घरापुरती रीत काढली. बाहेरनं कडी दत्तूनं लावायची आणि त्यानंच काढायची. तेव्हा आम्ही दोघं चड्डीतली पोरं.

दिवस कलला की तो फटीला तोंड लावायचा.

"मोश्या, मेलास का रं आत?"

"जित्ता हाय. चांदणी दिसली का?"

"न्हाय. कावळा दिसतोय."

बाबा डोळे वटारायचे. आई पदराआड हसायची. कडी निघाली की काळ्या मनुकांच्या सरबताचा पहिला पेला दत्तूला, मग आम्हाला. गोड पुऱ्या तो दोन्ही खिशांत भरून न्यायचा.

पोस्टवर सुभेदारसाहेबांनी उपासाला परवानगी दिली. ड्युटी सोडायला नव्हे. मी मागितलीही नसती. दुपारची सेंट्री करून मी बंकरमध्ये वायरलेसवर बसलो. बाहेर माझ्या जागी दत्तू आला.

ऊन उतरताना फायर सुरू झाला. पहिला गोळा लांब पडला. दुसरा बंकरच्या तोंडावर. ओंडके खाली आले, तोंड बुजलं. मी छातीपर्यंत मातीत. सेट चालू होता.

"तीन नंबर, रिपोर्ट. ओव्हर."

"तोंड बुजलंय. आत मी एकटा. ओव्हर."

"फायर थांबेपर्यंत कोणी येणार नाही. धीर धर. ओव्हर."

थोड्या वेळानं बाहेर फावडं वाजलं.

"मोश्या, मेलास का रं आत?"

"जित्ता हाय. आडोशाला जा. ऑर्डर हाय!"

"ऑर्डर तुला हाय की. कडी माझ्याकडं असती."

"दत्त्या, जा म्हणतोय!"

"गप. चांदणी दिसाय लागली."

फट पडली. त्याचा हात आत आला. मी धरला. तिसरा गोळा पडला. हात हातातच राहिला, पण त्याला ओढ नव्हती.

मला अंधारात काढलं. त्याला सकाळी खाली नेलं.

अस्थी मी घेऊन आलो. त्याची आई दारातच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी उपास सोडलास का रं, लेकरा?" मी नाही म्हणून मान हलवली. ती आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

आता दत्तूची आई नाही, माझी बायकोही नाही. पोरगा इस्रायलला गेला. फोनवर म्हणतो, "बाबा, इकडं या. तुमच्या मागं कद्दीशची प्रार्थना म्हणायला तिथं दहा यहुदी पुरुष कुठं मिळणार?" खरं आहे. कोल्हापुरात मिळायचे नाहीत. पण मी जाणार नाही. गल्लीत सगळी नवीन माणसं आली. कागलच्या एमआयडीसीत कामाला जातात. परवा एकानं माझ्याच दारात मला विचारलं, "पावणं, कुठलं तुम्ही?"

दरफाळणीला मी अजून पांढरे कपडे घालून बसतो. आतली कडी लावत नाही. बाहेरची लावायला कोण नाही. दार नुसतं लोटलेलं असतं. चांदण्या दिसायच्या वेळी हाक मारतो, "दत्त्या, काढ."

जरा थांबतो. मग उठून मीच उघडतो.

सरबताचा पहिला पेला शिपाई दत्तू चौगुलेचा. तो उंबऱ्यावर ठेवतो. सकाळी त्यात मुंग्या असतात.