आत्याचे पुस्तकातले मास्तर

जगातल्या थोर बुद्धिबळपटूंना माझ्या आत्याइतकं फैलावर कुणीच घेतलं नसेल. पोस्टातून निवृत्त झाल्यावर डिलाईल रोडच्या चाळीतल्या आपल्या दोन खोल्यांत ती रोज सकाळी पट मांडून बसायची. शेजारी मास्तरांच्या गाजलेल्या डावांचं जाडजूड पुस्तक. छापलेली पुढची चाल जुन्या लग्नपत्रिकेखाली झाकायची, आपल्याला सुचलेली वहीत लिहायची आणि मग पत्रिका हळूच खाली सरकवायची. चुकली, तर कारण सापडेपर्यंत पान उलटायचं नाही. एका मास्तरानं रंगात आलेला हल्ला सोडून राजा नुसताच कोपऱ्यात सरकवला, तेव्हा "असा काय रे तू?" म्हणत ती तीन दिवस त्या चालीवर अडून बसली. तेवढ्या दिवसांत डाळ दोनदा करपली. चौथ्या दिवशी मला फोन आला, "अरे, समोरच्याचा शह त्यानं आधीच ओळखला होता!" आवाज असा, जणू पोटच्या पोराचा निकाल लागलाय. आपली सगळ्यात आळशी सोंगटी शोधून तिला आधी कामाला लावायचं, हे शिकली त्या आठवड्यात घरच्या लग्नात तिनं मला पंगतीत वाढायला उभं केलं.

हा सगळा खटाटोप एका माणसाला हरवण्यासाठी होता. तिच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, लग्नानंतर तिला हा खेळ शिकवला आणि पुढे चाळीस वर्षं दर रविवारी हरवलं. "थांबा, अजून शिकतेय मी," एवढंच ती म्हणायची.

गेल्या वर्षी काकांच्या आजाराला औषध उरलं नाही. आम्ही दुसरं हॉस्पिटल शोधत होतो. आत्या त्यांच्या उशाशी बसली आणि तिनं विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"घरी ने."

आम्ही तिच्याशी भांडलो. तिनं टॅक्सी बोलावली.

रविवारी काकांनी पट मागितला. हात उचलवत नव्हता, म्हणून ते चाल सांगत आणि मी सोंगटी हलवत होतो. डाव अर्ध्यावर आला तेव्हा आत्यानं घोडा पटाच्या मध्यावर आणून रोवला. त्याला हुसकवायला काकांकडे एकही प्यादं उरलं नव्हतं. ते बराच वेळ बघत राहिले.

"हे कुठे शिकलीस?"

"पुस्तकात."

"हरलो गं मी. कुठे चुकलो, ते पुढच्या रविवारी सांग मला."

आत्याला धड हसूही येईना. "सांगते," म्हणाली. गुरुवारी काका गेले.

महिन्याभरानं मी तिच्याकडे गेलो, तर पटावर तोच डाव मांडलेला. "अकराव्या चालीला उंट द्यायला नको होता," ती म्हणाली. "सांगायचं राहिलं."

"मला सांग ना."

मी समोर बसलो. ती एकेक चाल मागे घेत समजावत गेली. मला त्यातलं फारसं कळलं नाही, तरी मान हलवत राहिलो. बोलण्याच्या भरात एकदा ती मला "अहो" म्हणाली. मीही "हं" म्हटलं.